सालावर खेळणारा माणूस

मे महिन्याच्या सुट्टीत हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावी आले, त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी घरच्यांना मोबाईलमधले फोटो दाखवत होते. जर्मनीतल्या ज्या लहानशा शहरात मी राहते, तिथल्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबमध्ये मी गेली तीन वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. संघाच्या फोटोत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या उंच अमेरिकन खेळाडूकडे बोट दाखवून बाबांनी विचारले, की हा कोण. मी म्हटले, तो आता आमच्याकडे नाही, एप्रिलच्या शेवटी त्याचा करार संपला. बाबांना वाटले, काही चुकले असेल म्हणून त्याला काढून टाकले. मी समजावू लागले, की चांगले खेळूनही असे खेळाडू दरवर्षी संघ बदलतात, कधी देशही बदलतात, आणि माझी गाडी करार, एजंट, हंगाम या शब्दांत अडखळत असताना आमच्याकडे अनेक वर्षे असलेले सालदार काका खाली पायरीवरून म्हणाले, "मंग तो सालानं असते म्हण ना, बाई. पाडव्याले साल सरलं, का चालला दुसऱ्या घरी."

गेली तीन वर्षे मी या माणसांबद्दल लिहायचे म्हणत होते आणि सुरुवात सापडत नव्हती. ती काकांनी दिली. पाडव्याला साल फिटणे, नवा भाव ठरणे, मालकाने हो म्हटले तर त्याच घरी राहणे, नाहीतर बिऱ्हाड उचलणे, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. त्या शब्दाला थोडा हलकेपणा चिकटलेला आहे. जणू कुठेच टिकला नाही तो माणूस. मला तो हलकेपणा मान्य नाही, आणि का मान्य नाही हेच आज लिहायचे आहे.

जानेवारीत आमच्या पॉइंट गार्डच्या गुडघ्याचे लिगामेंट सामन्यातच तुटले. त्या रात्री व्यवस्थापकांनी एजंटांना फोन लावायला सुरुवात केली आणि पाचव्या दिवशी त्या फोटोतला हा माणूस फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरला. वय 34, दहा वर्षांत आठ देश. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा आधीच्या देशाच्या महासंघाकडून 'लेटर ऑफ क्लिअरन्स' यावे लागते. ते आल्याशिवाय त्याची नोंदणी होत नाही. ते येईपर्यंत वैद्यकीय तपासणी, कारण करारातच लिहिलेले असते की तपासणीत उतरला तरच करार लागू.

ती तपासणी मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी जुन्या दुखापती विचारल्या आणि त्याने टेबलावर पडल्या पडल्या, कागद न बघता, पायापासून वर सांगत नेले. डावा घोटा पोलंडमध्ये दोनदा. उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली कूर्चेची गादी, तुर्कस्तानात, शस्त्रक्रिया मात्र घरी. उजव्या हाताची करंगळी जपानमध्ये, ती अजून सरळ होत नाही. मी ती करंगळी हातात धरून पाहिली. मधल्या पेरापाशी ती कायमची वाकलेली होती, आणि त्याच हाताने हा माणूस चेंडू न बघता बारा मीटरवर अचूक पास देत असे.

त्याच्याकडे एक जाड, दोरीने बांधलेली वही होती. प्रत्येक पानावर दोन रकाने: डावीकडे त्याला आधीपासून माहीत असलेली चाल, उजवीकडे नव्या प्रशिक्षकाने तिला दिलेले नाव. बास्केटबॉलमधल्या बहुतेक चाली जगभर त्याच असतात, 'पिक अँड रोल' (एकाने बचावपटूची वाट अडवायची आणि मग स्वतः बास्केटकडे धावायचे) सगळीकडे 'पिक अँड रोल'च असतो, पण प्रत्येक प्रशिक्षक आपल्या चालींना स्वतःची नावे, आकडे, बोटांच्या खुणा देतो. हंगामाच्या मध्यावर आलेल्या खेळाडूला ती सगळी भाषा तीन दिवसांत तोंडपाठ करून चौथ्या दिवशी इतर चौघांना ओरडून सांगावी लागते, कारण पॉइंट गार्ड म्हणजे मैदानावरचा मुकादम. पहिल्या सामन्याच्या बस प्रवासात, चार तास, सगळे झोपले होते आणि तो दिव्याखाली वही वाचत होता. त्या सामन्यात त्याने 9 गुण केले आणि एकही चाल चुकवली नाही. नव्या घरच्या बैलांचा स्वभाव, विहिरीची वाट, मालकाच्या आईची औषधे हे सगळे आठ दिवसांत कळून घेणारा सालदार आणि हा माणूस यांच्यात मला त्या रात्री फार साम्य वाटले. ही वेगळी विद्या आहे. एकाच संघात दहा वर्षे राहणाऱ्या मोठ्या खेळाडूला ती शिकावी लागत नाही.

साम्य तिथेच थांबते, हेही सांगितले पाहिजे. सालदाराला घेतलेली उचल बांधून ठेवते. खेळाडूला तसे कर्ज बांधत नाही, आणि क्लब त्याला सहसा घर, गाडी आणि परतीचे तिकीट देतो. त्याला बांधते ते त्याचे शरीर.

इतकी माणसे असे का फिरतात, याचे उत्तर गणितात आहे. अमेरिकेच्या एनबीए या सर्वोच्च लीगमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येकाकडे पूर्ण कराराचे जास्तीत जास्त 15 खेळाडू. म्हणजे साऱ्या जगातून 450 जागा. 2017 पासून 'टू-वे' करार आले, म्हणजे खेळाडूने एनबीए आणि तिच्या खालची लीग अशा दोन्हीकडे खेळायचे; आता ते प्रत्येक संघाला तीन देता येतात. त्या खालच्या लीगचे नाव 'जी लीग' (G League), ती 2001 मध्ये आठ संघांवर सुरू झाली. जानेवारीपासून एनबीएत दहा दिवसांचा करारही मिळतो. एका हंगामात एकच संघ एका खेळाडूला असे दोनच करार देऊ शकतो. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ठेवा, नाहीतर सोडा. रोजंदारीच म्हणायची ती, फक्त फार मोठ्या दराची.

या रोजंदारीतूनही माणसे उभी राहिली आहेत. ईश स्मिथला 2010 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी दरवर्षी नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, कुणीच निवडले नव्हते. तो एनबीएच्या 13 वेगवेगळ्या संघांकडून खेळला, इतक्या संघांकडून त्याआधी कुणीही खेळलेले नव्हते, आणि 2023 मध्ये डेन्व्हर नगेट्सबरोबर त्याला विजेतेपद मिळाले. आंद्रे इंग्रामची गोष्ट मी आमच्या क्लबमधल्या प्रत्येक निराश मुलाला सांगते. दहा वर्षे तो खालच्या लीगमध्ये खेळला, जोडीला गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि 10 एप्रिल 2018 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, लॉस एंजेलिस लेकर्सकडून पहिला सामना खेळताना त्याने 19 गुण केले. आपल्या देशातला सतनाम सिंग, पंजाबमधल्या बल्लो के या खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, 2015 मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, 52 व्या क्रमांकावर. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. तो टेक्सास लेजेंड्स या खालच्या संघात खेळला. त्याची निवड मला आजही मोठीच वाटते. विदर्भातल्या मुलांना उद्या या खेळात जायचे असेल, तर त्यांनी 450 जागांकडे बघण्याआधी जगभर पसरलेल्या या हजारो जागांकडे बघावे असे मला मनापासून वाटते. तिथे पोट भरते, आणि खेळही खरा असतो.

पोट नेहमी भरतेच असे मात्र नाही. आमच्याकडे येण्याआधीच्या एका क्लबने आमच्या या खेळाडूचे दोन महिन्यांचे पैसे बुडवले होते. एकदा मालिश करताना तो हे अगदी शांतपणे सांगत होता, पण माझ्या हाताखाली त्याची पोटरी दगडासारखी झाली. अशा तक्रारींसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाने 2007 मध्ये एक लवाद मंडळ उभे केले. करारात त्याचे कलम असले तर खेळाडू तिथे दाद मागू शकतो, एकच लवाद न्यायबुद्धीने निकाल देतो, आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी होऊ शकते. त्याच्या करारात ते कलम होते. पैसे दीड वर्षाने मिळाले. आपल्याकडे सालाचे पैसे अडवलेल्या माणसाला जाण्यासारखी अशी कुठली जागा आहे, हे काकांनी मला विचारले, आणि माझ्याजवळ त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते.

त्याची मुलगी सात वर्षांची आहे. ती आईबरोबर अमेरिकेत राहते, कारण दर ऑगस्टला तिची शाळा बदलायची नाही असे दोघांनी ठरवले आहे. सामना संपून आम्ही बसमध्ये बसलो की तिकडे तिची दुपार असे. तो घोट्यावर बर्फाची पिशवी बांधून, मोबाईल समोरच्या सीटला टेकवून, तिच्याकडून इंग्रजी शब्दांची स्पेलिंग म्हणवून घेई. बसमधली तरुण पोरे तेवढा वेळ गाणी बंद ठेवत. कुणी सांगितले नव्हते त्यांना.

आम्ही शेवटून तिसरे आलो, पण टिकलो, खाली घसरलो नाही. शेवटच्या सामन्यानंतर चौथ्या दिवशी त्याने घराची आणि गाडीची किल्ली परत केली. घर मी पाहिले होते. साडेतीन महिन्यांत भिंतीला एक खिळाही ठोकलेला नव्हता. दोन बॅगा, बुटांचे खोके, ती वही. क्लबने पुढच्या वर्षासाठी विचारले नाही, कारण आमचा जुना गार्ड तोवर बरा होत आला होता, आणि परदेशी खेळाडूंवर खर्च करायला लहान क्लबकडे फारसे पैसे नसतात.

आता मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आहे, आमच्याकडे पऱ्हाटी लावायची घाई आहे, आणि तिकडे क्लब नवे संघ बांधत आहेत. काल काका वखर ठेवून आले तेव्हा त्यांनी हात धुता धुता विचारले, "त्याले घर भेटलं का मंग?" मी म्हटले, अजून नाही. रात्री त्याचा संदेश आला. एका क्लबने विचारणा केली आहे, पण त्यांना करार करण्याआधी उजव्या गुडघ्याचा एमआरआय आणि माझे उपचारांचे टिपण हवे आहे, उद्यापर्यंत. गावात रेंज फक्त गच्चीवर मिळते. मी लॅपटॉप घेऊन वर गेले, त्याच्या गुडघ्याबद्दल जे जे खरे होते ते सगळे लिहिले, सूज केव्हा आली, केव्हा उतरली, कोणत्या व्यायामाने उतरली, आणि साडेबारा वाजता ती फाईल गेली.