ब्रेक दाबला की ठक्

ऑगस्टमधली सकाळ. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारचा माणूस काय बोलतोय तेही कळेना. नेमके तेव्हाच नौपाड्याचे सर आपली २००७ची गाडी घेऊन आले, आवाज शोधायला.

सर निवृत्त शिक्षक. बिलांची फाइल गाडीतच असते, शिवाय एक वही. "तीन हात नाक्याला सिग्नलवर थांबताना एकदाच ठक्. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत खडखड. सोसायटीच्या गतिरोधकावर काही नाही," त्यांनी वाचून दाखवलं.

पाऊस ओसरल्यावर ट्रायल मारली. सर चालवत होते, मी डाव्या सीटवर काच खाली करून. कंपाउंडच्या भिंतीला लागून गेलं की खालचा आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. डावं चाक खड्ड्यात गेलं आणि खडखड झाली. माझ्या डोक्यात लगेच लिंक रॉड, म्हणजे चाकाकडची बाजू स्टॅबिलायझर बारला जोडणारी छोटी दांडी. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा स्टॅबिलायझर बारला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधल्या आडव्या दांड्याला, पीळ पडत नाही आणि लिंकवर जोर येत नाही. एकच चाक खाली गेलं की येतो. चोर सापडला म्हणून दोन्ही लिंक बदलल्या. पुन्हा ट्रायल. खडखड तशीच.

मग शॉकअपच्या माउंटिंगवर हात ठेवून पोऱ्याला स्टिअरिंग फिरवायला लावलं. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, कॅलिपरच्या पिना, सगळं बघून झालं. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणारे लोखंडी हात, तेवढे सोडले. ते जानेवारीत नवे टाकले होते आणि फाइलमधल्या बिलावर शिक्का आमचाच होता. स्वतःच्या कामावर संशय घेणं जिवावर येतं. दीड तास गेला त्यात.

सर शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, वहीतली पहिली ओळ राहिली. थांबताना."

गाडी हळू पुढे घेतली, ब्रेक. ठक्. मागे घेतली, ब्रेक. पुन्हा ठक्. पुढे जाताना ब्रेक लागला की चाक मागे ओढलं जातं, मागे जाताना पुढे, आणि त्याला धरून ठेवतो तो लोअर आर्मचा मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, मधोमध लोखंडी नळी असलेलं. गाडी वर घेऊन टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली तर आर्म बोटभर सरकला. बुशचं रबर आतल्या नळीपासून गोल फाटलं होतं. मघाशी चाक हाताने हलवून पाहिलं होतं, पण हाताचा जोर गाडीच्या वजनापुढे काहीच नाही.

"डुप्लिकेट माल?" सरांनी विचारलं. हो म्हणून सुटता आलं असतं. पण माल चांगला होता.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोन खांबांची लिफ्ट बसवली. त्याआधी गाडी जमिनीवर ठेवून, खाली झोपून बोल्ट आवळायचो. लिफ्ट आल्यावर सगळं वरच व्हायला लागलं, चाकं लोंबकळत असताना. तशात बोल्ट आवळला की बुशची नळी त्याच कोनात पकडली जाते. गाडी खाली टेकली की आर्म वर येतो आणि रबर पिळलं जातं. पंचा पिळून तसाच दोरीवर टाकावा, तसं ते आठ महिने राहिलं होतं. उजवीकडचा बुश अजून धड होता. गाडी जमिनीवर असताना त्याचा बोल्ट सैल केला, तर पीळ सुटून टक् करून आवाज आला. पोऱ्या माझ्याकडे बघायला लागला. जानेवारीत बोल्ट त्याने आवळले होते, पण आवळ म्हणून सांगितलं होतं मीच.

फाटलेला बुश मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून प्रेसवर काढून नवा बसवून आणला. आर्म लावला, बोल्ट हातानेच घट्ट केले. चाकांखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी त्यांवर उतरवली, बॉनेटवर जोर देऊन चार-पाच वेळा दाबली आणि मग ओल्या लादीवर झोपून दोन्ही बाजू आवळल्या. पाठ दोन दिवस दुखली. शेवटी अलाइनमेंट.

मजुरी घेतली नाही. लिंकचे पैसेही घेणार नव्हतो, पण सर ऐकेनात.

गेटपाशी त्यांनी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबला. काही नाही. मग काच खाली करून मला हाक मारली.

"मिस्त्री, आता डॅशबोर्डमधून बारीक कुरकुर येतेय. ही नवी का?"

"जुनीच असणार सर. इतके दिवस त्या ठक्खाली ऐकू येत नसेल."

त्यांनी वही काढली.