विषाणू आहे, पण गप्प आहे

परवा लॅबच्या खिडकीशी एक ताई रिपोर्ट घेऊन उभ्या होत्या. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी नातं असलेला विषाणू, पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. १६ आणि १८ हे विषाणूचे जास्त धोक्याचे प्रकार तुमच्यात सापडलेले नाहीत, पॅप स्लाइड, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल आहे, वर्षानं परत या. पण ताईंच्या डोक्यात एकच बसलं होतं, विषाणू आत आहे.

त्यांची स्लाइड मीच पाहिली होती. बावीस वर्षं हेच काम करतेय. विषाणूनं पेशीत धुमाकूळ घातला की केंद्रकाभोवती पांढरी पोकळी दिसते आणि केंद्रक मनुक्यासारखं सुरकुततं. ताईंच्या पेशी मात्र पसरट, गुलाबी-निळसर, केंद्रक टिकलीएवढं. विषाणू असूनही पेशी शांत होत्या.

या शांततेचा मला फार आदर वाटतो. एचपीव्हीची ई६ आणि ई७ ही दोन जनुकं म्हणजे खरी विषाची पुडी. ई६ मुळे पेशीतलं पी५३ हे रक्षक प्रथिन नष्ट होतं, ई७ पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. पण ही जनुकं पेशीत असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं.

हे मला हीला पेशींमुळे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत आलेल्या कॅन्सरपेशींमुळे, उमगलं. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशींमध्ये एचपीव्ही १८ आहे. शास्त्रज्ञ एरिक स्टॅनब्रिज यांनी त्या माणसाच्या निरोगी पेशींशी जोडल्या, तर या जोडपेशींनी उंदरांत गाठ केली नाही. गाठ रोखण्याची ही ताकद निरोगी पेशीच्या ११ व्या गुणसूत्रात असल्याचं पुढे दिसलं. मला त्यापुढचं जास्त विलक्षण वाटतं. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढताना याच जोडपेशींत विषाणूची जनुकं चालू असतात, उंदराच्या शरीरात गेल्या की बंद पडतात. बशीत टीएनएफ-अल्फा हे प्रथिन घातलं तरी बंद पडतात. मूळच्या हीला पेशी मात्र त्याला दाद देत नाहीत. एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं नातं उलगडून २००८ चं नोबेल मिळवणारे हॅराल्ड त्सुर हाउझेन या अंगभूत लगामाबद्दल वर्षानुवर्षं मांडणी करत राहिले.

लगाम कधी तुटतोही, म्हणून तपासणी हवीच. आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवरचा अभ्यास २००९ मध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

ताईंना मी स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हटलं, ‘चोर अंगणात आलाय, पण घरातली माणसं जागी आहेत.’

त्यांनी डोळे पुसले. ‘म्हणजे आतून कुणीतरी राखण करतंय?’

‘करतंय. ते नीट करतंय का, हे बघायलाच वर्षानं यायचं.’

रिपोर्टच्या मागे पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.