सहा झपके

वडोदऱ्याच्या कारेलीबागेतल्या एका काकांची १९९९ची होंडा सिटी गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली, ती दोन गॅरेजचं पाणी पिऊन. पहिल्याने कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर दोनदा बदलला होता. दुसऱ्याने स्कॅनर हातात घेतला, तो लावायला जागाच सापडली नाही, तेव्हा सांगून मोकळा झाला, ‘पुराचं पाणी ईसीएममध्ये गेलंय. नवा टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या.’ ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी गाडीच्या आत शिरलं होतं हे खरं. पुढच्या मॅटखाली अजून कुबट वास येतो. पण गाडी न तपासता ईसीएमवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, खापर फोडणाऱ्यांची मला चीड येते.

तक्रार अशी : सकाळी काळा धूर, लिटरला तेराचं ॲव्हरेज आठवर, चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी दोन दोन दिवस लागत नाही.

या गाडीत ग्लोव्हबॉक्सखाली दोन पिनांचा छोटा कनेक्टर असतो. त्या पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, इंजिन सुरू न करता चावी ऑन करायची आणि मीटरमधल्या दिव्याचे झपके मोजायचे. लांब झपका म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. सहा आखूड झपके आले. थोडं थांबून पुन्हा सहा. म्हणजे कोड सहा, कूलंट सेन्सरचं सर्किट. पहिल्या गॅरेजवाल्यानेही सहाच मोजले असणार. त्याने फक्त ‘सेन्सर’ ऐकलं, ‘सर्किट’ ऐकलंच नाही. सर्किटमध्ये सेन्सर येतो, कनेक्टर येतो, दोन्ही वायरी येतात.

इंजिन गरम करून मल्टिमीटर लावला. सेन्सरवर तीनशे ओहमच्या आसपास, एकदम बरोबर. मग ईसीएमचा प्लग काढून त्याच दोन वायरी तिथून मोजल्या, तर चोवीसशे! एवढे ओहम सेन्सर वीसेक डिग्रीला दाखवतो. इंजिन तापलेलं असताना ईसीएमला ते गार वाटत होतं, म्हणून तो पेट्रोल ओतत होता. आणि दिवा का लागत नव्हता? वीस डिग्री हे त्याच्या दृष्टीने अगदी शक्य तापमान आहे. वायर पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली तरच कोड पडतो. खड्ड्यात गाडी आदळली की तेवढी ती तुटायची.

मॅट उचलून वायरिंगची टेप सोलत गेलो. डाव्या सीटच्या पायाशी एक जोड निघाला. टेप, तिच्यावर मेणाचा दोरा आवळलेला आणि आत तांब्याची हिरवी भुकटी. वायरी नुसत्या पिळलेल्या, सोल्डर नाही.

तो दोरा मी ओळखला. टेपचा गोंद वितळतो म्हणून वरून दोरा बांधायचे ते आमचे उस्ताद, आणि गाठही त्यांचीच. ‘सोल्डरशिवाय जोड म्हणजे उधारी’ असं म्हणून त्यांनी मला कितीदा वायर पुन्हा सोलायला लावली. आज ते नाहीत. लाइट गेली होती का, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं का, कोणाला विचारू? आणि पूर आला नसता तर तो जोड आणखी दहा वर्षं चालला असता, हेही तितकंच खरं.

कापून नवीन वायर टाकली, सोल्डर केलं, वर हीटश्रिंकची नळी चढवली. बॅकअप फ्यूज दहा सेकंद काढून कोड पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर नाही, दिवा नाही.

काकांनी तो तुकडा हातात घेऊन पाहिला. ‘कोणाचं रे हे काम?’

‘जुना जोड आहे, काका.’

‘पण उंदराने तारा कुरतडल्या तेव्हा तुझ्या उस्तादांनीच केलं होतं ना सगळं? त्यांच्याशिवाय मी कुणाला वायरिंगला हात लावू दिला नाही.’

मी फ्यूजबॉक्सचं झाकण लावत होतो. ‘हो’ म्हणालो नाही, ‘नाही’ही म्हणालो नाही.