चोवीस महिन्यांची पायपीट: दुपारी दोन ते पाच सांभाळा

मिशनवर, म्हणजे दारोदारी धर्मप्रचाराला, निघालेल्या प्रत्येकाला एकच इशारा मिळतो: लोक तोंडावर दार आपटतील, मन घट्ट ठेवा. साफ चुकीचा इशारा. दार आपटणारा माणूस निदान घरात तरी असतो. जीव खातात ती न उघडणारी दारं, आणि तीही दुपारी दोन ते पाच या वेळातली. त्याबद्दल निघण्यापूर्वी कुणी अवाक्षर काढत नाही.

हा हिशेब चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन चर्चच्या) मिशनचा आहे. मुलगे चोवीस महिने, मुली अठरा. ऑक्टोबर २०१२ मध्ये किमान वय मुलग्यांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं गेलं (नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींचंही १८ झालं), तेव्हापासून शाळेच्या बाकावरून थेट मिशनवर येणारे बरेच. सुरुवात ट्रेनिंग सेंटरात होते. सगळ्यात प्रसिद्ध सेंटर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या प्रोव्होचं. भाषा येत असेल तर साधारण तीन आठवडे, नवी शिकायची असेल तर सहा ते नऊ. हल्ली त्यातला काही भाग घरूनच ऑनलाइन होतो. सेंटर छान असतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

फक्त तिथली भाषा बाहेर पुरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. सहा आठवड्यांत प्रार्थना अस्खलित येते, बाप्तिस्मा आणि पश्चात्तापावर पाच मिनिटं बोलता येतं; पण नळाचा वॉशर मागता येत नाही आणि म्हातारी आजी गुडघ्याबद्दल काय सांगतेय ते कळत नाही. सगळ्यात महाग पडते ती न समजता हसून ‘हो’ म्हणायची सवय. त्या ‘हो’तूनच चुकीच्या दिवशीच्या भेटी ठरतात. वार आणि वेळ ऐकलीत की स्वतःच्या तोंडून परत म्हणा, मग फोनवर आकडा दाखवा. मिशनरी नेहमी जोडीने फिरतात; दाराशी पहिलं वाक्य नवख्यानेच बोलायचं, अनुभवी जोडीदाराने नाही. नाहीतर तिसऱ्या महिन्यातही तोंड उघडत नाही.

काळ इथे महिन्यांत मोजत नाहीत, ट्रान्सफरमध्ये मोजतात. एका बदलीपासून पुढच्या बदलीच्या वेळेपर्यंत एक ट्रान्सफर, म्हणजे सहा आठवडे. चोवीस महिन्यांत साधारण सतरा. पहिल्या दोन, म्हणजे बारा आठवडे, प्रशिक्षक जोडीदारासोबत. त्यातला चौथा ते दहावा आठवडा हाच वाईट टप्पा. नवलाई संपलेली, भाषा अजून आलेली नाही आणि प्रशिक्षकाचा संयमही पातळ झालेला. घरी परतायचा विचार याच आठवड्यांत डोकं वर काढतो. अकराव्यापर्यंत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका.

आता दुपार. साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद, मधे व्यायाम आणि अभ्यास, मग बाहेर. जानेवारी २०१७ पासून मधलं वेळापत्रक त्या-त्या जागेप्रमाणे थोडं सरकवता येतं. ही सवलत वापरा. तिथली माणसं कामावर किंवा झोपेत असतात त्या तासांत दारं वाजवणं म्हणजे निव्वळ पायतोड. दोन ते पाचमध्ये अनोळखी दारं वाजवून भेटी मिळतात हे मला पटत नाही. पहिल्यांदा घरात बसवणारी माणसं बहुतेक वेळा मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांपैकी, कुणाच्या ओळखीचीच असतात.

मग त्या तीन तासांत काय करायचं? निवृत्त आणि आजारी माणसांच्या भेटी, मंडळीतल्या कुणाचं घर हलवायचं किंवा कुंपण रंगवायचं असेल तर ते काम, भाषेचा दुसरा अभ्यास. भेटी नकाशावर एकाच बाजूला ठेवा. तीन भेटी तीन टोकांना ठरल्या आणि मधली रद्द झाली की दीड तास रस्त्यावर जातो. प्रत्येक भेटीमागे चालत दहा मिनिटांवरची दोन पर्यायी घरं आदल्या रात्रीच लिहून ठेवा. ‘दुपारी कधीही या’ ही भेट नव्हे, तो नकार आहे. आदल्या संध्याकाळी एक निरोप, निघण्याआधी दोन तास दुसरा. दुसऱ्याला उत्तर नसेल तर सरळ पर्यायी घराकडे वळा.

दार वाजवलं की दोन पावलं मागे या आणि थोडे तिरके उभे राहा. दाराच्या भिंगातून दोघंही दिसले पाहिजेत आणि आतल्याला कोंडल्यासारखं वाटता कामा नये. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. दोघं बोलले की समोरचा कुणाकडे बघावं म्हणून गोंधळतो आणि दार लावून घेतो. फाटकाची कडी जशी होती तशीच लावा. हे क्षुल्लक वाटतं, पण उघड्या फाटकातून कुत्रं पळालं तर त्या गल्लीत पुन्हा कुणी उभं करत नाही.

बुटांबद्दल सविस्तर, कारण इथे सगळेच फसतात. निघण्याआधी ‘मिशनरी पॅकेज’ म्हणून दोन सूट, दहा शर्ट आणि चकाचक बूट गळ्यात मारणारी दुकानं असतात. उष्ण देशात दुसरा सूट दोन वर्षं खुंटीवरच राहतो. एक सूट, दोन जादा पँट, सहा शर्ट पुरे. वाचलेले पैसे बुटांत घाला. मार्क ६ मध्ये प्रभूने शिष्यांना दोन-दोन करून पाठवताना भाकरी, झोळी, पैसे सगळं बंद केलं, तरी वहाणा घालायला सांगितलं. तिथेच कळायला हवं होतं.

दोन जोड, एकाआड एक दिवस. आतला घाम सुकायला चोवीस तास लागतात. रोज एकच जोड घातला की अस्तर कुजतं आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. तळ शिवलेला घ्या, नुसता चिकटवलेला नको. चिकटवलेला ओल्यात उकलतो आणि सहज बदलताही येत नाही. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेला असतो. भिजलेला बूट हीटरपाशी ठेवलात तर चामडं तडकतं. आत कागद कोंबा, दोन तासांनी बदला. टाच जिथे चुरचुरते तिथे फोड येण्यापूर्वीच पट्टी लावा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या.

सायकल मिळाली तर हेल्मेट, दिवे आणि उजव्या पायाला पँटची क्लिप. हवा दर आठवड्याला भरा. कमी हवेच्या टायरची ट्यूब खड्ड्यात रिमवर चिमटून एकदम दोन भोकं पडतात. दोघांची ट्यूब एकाच मापाची असेल तर एक जादा ट्यूब पुरते. सामान पाठीवर नको, मागच्या कॅरियरवर बांधा.

जोडीदार निवडता येत नाही आणि चोवीस तास नजरेच्या टप्प्यात असतो. भांडणं धर्मावरून होत नाहीत. भांडी, गजर आणि उशीर यावरून होतात. आठवड्याच्या नियोजनात या तीन गोष्टींवर दहा मिनिटं ठेवा आणि तिथेच बोला, रस्त्यात नाही.

पैशांचा एक गैरसमज. अमेरिकेतल्या मिशनरीने चर्चकडे भरायचं मासिक योगदान जुलै २०२० पासून ४०० वरून ५०० डॉलर झालं. ते तुमच्या हातात येत नाही. खोलीचं भाडं परस्पर जातं आणि खाण्यापिण्यासाठी वेगळी ठरावीक रक्कम मिळते. ती चार भागांत वाटली नाही तर शेवटचा आठवडा कोरडा जातो.

तयारीच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातल्या घरकामाच्या मोकळ्या दिवशी, आधी कपडे धुवायला टाका, मग घरी फोन. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. पूर्वी वर्षातून दोनदाच. वाईट टप्प्यात फोन पाऊण तासात आवरा. लांबला की उरलेला दिवस अंथरुणात जातो. निघण्याआधी दात दाखवून घ्या, चष्म्याचा दुसरा जोड आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी घ्या. पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. टुरिस्ट व्हिसावर सेवा करायला जाऊ नका, कुणीही ‘चालतं’ म्हटलं तरी.

दुसरं वर्ष बरं जातं.

बदलीच्या आदल्या रात्री बॅग भरण्याआधी फोनमधलं एरिया बुक, म्हणजे त्या भागातल्या माणसांची नोंदवही, भरा. ‘भेट झाली, छान माणूस’ असल्या नोंदीचा पुढच्याला काडीचा उपयोग नसतो. लिहा: रात्रपाळी, मंगळवारी सुट्टी, पाचनंतर जा, बेल बंद आहे, फाटकाला आतून कडी, तपकिरी कुत्रा चावत नाही, काळा चावतो.