कार्डेंडनच्या गोलकीपरकडे

एडिंबरोचा किल्ला पाहिला, रॉयल माइलवर गर्दीचे धक्के खाल्ले, महागडी कॉफी प्यायले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. मला लिहायचंय कार्डेंडनबद्दल.

वेव्हर्ली स्टेशनवरून फाइफकडे जाणारी गाडी पकडली. फोर्थच्या लाल पुलावर सगळा डबा खिडक्यांना चिकटून फोटो काढत होता. डन्फर्मलिनला बरेचसे उतरले. काउडनबीथ, लॉकगेली ही एकेकाळची कोळशाची गावं मागे पडली आणि कार्डेंडनला मी उतरले. पाऊस भुरभुरत होता. बोहिलच्या दफनभूमीपर्यंत चालत गेले. शेजारच्या कबरीवरचं गवत काढणाऱ्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "जॉनसाठी का?" मी मान हलवली. हातातलं काम ठेवून ते मला थेट कबरीपाशी घेऊन गेले. एडिंबरोत इतके दिवस राहून असं अगत्य वाट्याला आलं नव्हतं.

जॉन थॉमसन, ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबचा गोलकीपर. जन्म 1909. चौदाव्या वर्षी बापाबरोबर इथल्याच बोहिल खाणीत उतरला. सेल्टिकचा माणूस एका सामन्याला आला होता तो समोरच्या संघाचा गोलकीपर बघायला, पण नजर या पोरावर ठरली आणि 10 पौंडांत करार झाला. वय 17. फेब्रुवारी 1927 मध्ये पहिला सामना, त्याच वर्षी स्कॉटिश कप, 1931 मध्ये पुन्हा कप. स्कॉटलंडकडून चार सामने. 1930 मध्ये एअर्ड्रीच्या संघाविरुद्ध समोरच्या खेळाडूच्या पायांवर झेप घेताना जबडा मोडला, बरगड्या मोडल्या. आई म्हणाली, पुरे आता. तो थांबला नाही.

5 सप्टेंबर 1931. ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबविरुद्ध सामना, त्यांच्या आयब्रॉक्स मैदानावर. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच रेंजर्सचा सॅम इंग्लिश चेंडू घेऊन एकटा आत घुसला आणि जॉनने नेहमीसारखी त्याच्या पायांवर झेप घेतली. डोकं सॅमच्या गुडघ्यावर आदळलं. रेंजर्सचे काही प्रेक्षक ओरडत होते. त्यांचाच कप्तान मिकलजॉन हात वर करून त्यांना गप्प करत राहिला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे सेल्टिकचाच चिक गीटन्स गोलमध्ये उभा राहिला आणि दहा जणांनी सामना 0-0 संपवला. रात्री साडेनऊच्या सुमारास जॉन गेला. वय 22.

कबरीपाशी उभी असताना माझ्या मनात सारखी येत होती ती त्याच्या अंत्ययात्रेला चालत आलेली माणसं. मंदीचे दिवस, हाताला काम नाही, रेल्वेचं भाडं परवडत नाही, म्हणून ग्लासगोचे बेकार लोक 55 मैल, म्हणजे 88 किलोमीटर चालत इथे आले. रात्र जवळच्या डोंगरावर उघड्यावर काढली. त्या दिवशी या खाणगावात सुमारे 30,000 माणसं होती. सेल्टिक आयरिश कॅथलिकांचा क्लब, रेंजर्स प्रोटेस्टंटांचा, दोघांचं हाडवैर. आणि सेल्टिकचा हा लाडका पोरगा स्वतः प्रोटेस्टंट. चालताना कुणी त्याचा धर्म विचारला नाही. मला रडू आलं. आजोबा काही बोलले नाहीत, छत्री मात्र माझ्या डोक्यावर धरून उभे राहिले. कबरीवर हिरवे-पांढरे स्कार्फ होते, पावसाने जड झालेले.

पण मला राग आहे तो दुसऱ्या पोराचं जे झालं त्याचा. चौकशीत अपघातच ठरला, थॉमसन कुटुंबानेही सॅमला दोष दिला नाही. तरी मैदानामैदानांवर लोक त्याला हिणवत राहिले. त्याच हंगामात त्याने लीगमध्ये 44 गोल केले, आणि रेंजर्ससाठी तो विक्रम आजही त्याच्या नावावर आहे. पुढच्याच वर्षी तो लिव्हरपूलला गेला आणि 1938 मध्ये खेळणंच सोडलं. त्या सात वर्षांत खेळात आनंद उरला नव्हता, असं तो नंतर म्हणाला. जॉनसाठी लोक 88 किलोमीटर चालले, पण जिवंत सॅमसाठी कुणी चार शब्द बोलायला तयार नव्हतं. मला हा अन्याय वाटतो. 2009 पासून रेंजर्समध्ये हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला सॅम इंग्लिशच्या नावाचा चषक देतात. तोवर सॅमला जाऊन चाळीस वर्षं उलटून गेली होती.