पूर्ण चौकटीतली लढत

नव्वदच्या दशकाच्या आसपास थेट व्हिडिओ कॅसेटच्या बाजारासाठी बनलेले कमी खर्चाचे मारधाडपट मी आजही मन लावून पाहतो, कारण त्यांच्यातली लढत डोळ्यांना नीट दिसते. कोणी कोणाला कुठे मारले आणि तोल कसा गेला, हे कळण्यासाठी दोन्ही शरीरे डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत असावी लागतात. भरपूर पैसा ओतलेल्या अनेक चित्रपटांत नेमके तेच दिसत नाही.

यामागे निर्मितीचे साधे गणित होते. नामवंत नट परवडत नसल्याने निर्माते खऱ्या खेळाडूंकडे वळले, आणि ज्याला खरोखर लाथ मारता येते त्याची उणीव झाकण्यासाठी संकलकाला कात्री चालवावी लागत नाही. रॉजर कॉर्मन यांनी निर्मिलेल्या १९८९ च्या ‘ब्लडफिस्ट’मध्ये तर कलाकारांच्या नावांसोबत त्यांची अजिंक्यपदेही पडद्यावर येतात. नायक डॉन विल्सन हा किकबॉक्सिंगचा जगज्जेता होता. भावाच्या खुन्याच्या शोधात मनिलाला गेलेल्या तरुणाची कथा बेताचीच आहे, संवाद त्याहून बेताचे. पण विल्सन पवित्र्यात उभा राहिला की त्याच्या खांद्यांतली सैल सावधता खोटी वाटत नाही.

अभिनेत्री सिंथिया रॉथरॉक यांच्याविषयी थोडे अधिक लिहायला हवे. १९८१ ते १९८५ अशी सलग ५ वर्षे त्या युद्धकलांमधल्या फॉर्म्स आणि शस्त्रप्रकारांत विश्वविजेत्या होत्या. फॉर्म्समध्ये समोर प्रतिस्पर्धी नसतो. ठरलेल्या हालचाली किती अचूक आणि रेखीव होतात, यावरच गुण मिळतात. त्यांच्या पडद्यावरच्या लढतींत ही शिस्त स्पष्ट उतरली आहे: प्रत्येक लाथ पूर्ण लांबीपर्यंत जाते, क्षणभर तिथे थांबते आणि मगच पाय परत येतो. हाँगकाँगमध्ये काम करून त्या अमेरिकी चित्रपटांकडे आल्या, तेव्हा हालचालींची ही लय त्यांच्यासोबत आली. त्यांच्या वाट्याला याहून चांगल्या पटकथा यायला हव्या होत्या, असे मला मनापासून वाटते.

रिचर्ड पेपिन आणि जोसेफ मेर्ही यांच्या पीएम एंटरटेनमेंट या निर्मितीसंस्थेचा हातखंडा मात्र निराळा होता. गाड्या उडवणे आणि स्फोट घडवणे यांत त्यांचे स्टंट-पथक तरबेज होते. हे सारे संगणकाच्या मदतीशिवाय चालत असल्यामुळे लोखंडाचे वजन प्रेक्षकाला जाणवते, आणि ते करणाऱ्या अनाम माणसांविषयी आदर वाटतो.

या साऱ्यांत माझा सर्वांत आवडता चित्रपट म्हणजे स्टीव्ह वँग यांचा १९९७ चा ‘ड्राइव्ह’. मार्क डाकास्कोस यांचा नायक एका अनोळखी माणसाला स्वतःसोबत बेडीत अडकवतो, आणि त्यामुळे बेडी असेपर्यंत लढताना एका हाताला दुसऱ्याच्या शरीराचे ओझे राहते. कोइची साकामोटो यांनी बांधलेल्या या लढतींत तो अडथळाच रचनेचा पाया होतो. सोबत्याला ओढणे, फिरवणे, वाचवणे हे सगळे एकाच ओघात घडते. वितरकांनी या चित्रपटाला कात्री लावली होती. म्हणून पाहायचाच असेल तर दिग्दर्शकाची लांब आवृत्ती मिळवून पाहावी, कारण त्या दोघांची मैत्री हळूहळू जुळण्यासाठी लागणारा अवकाश तिच्यात आहे.