मालगुजारी तलावासाठी होडी निवडताना

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ज्यांचे आयुष्य तलावाच्या पाळीवर गेले आहे, त्यांना डोंगा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एकाच बुंध्यातून कोरलेला, अरुंद आणि गोल बुडाचा डोंगा आमच्याकडील मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवला. मात्र तसा जाड आणि सरळ बुंधा आता सहजासहजी मिळत नाही, कोरणारे हातही कमी झाले आहेत, आणि जुने डोंगे एकेक करून कुजत चालले आहेत. त्यामुळे कमी पैशांत कोणती होडी घ्यावी, हा प्रश्न आमच्या भागातील मच्छीमारांच्या बोलण्यात वारंवार येतो. या विषयात मला मनापासून रस आहे. मासेमारी करणाऱ्यांशी आणि होड्या बनवणाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की किमतीची चौकशी करण्याआधी आपले पाणी नीट पाहावे, आणि हातात असलेला पैसा लांबीवर किंवा इंजिनावर न घालता रुंदीवर आणि बुडणार नाही अशा बांधणीवर घालावा.

पाणी पाहावे असे म्हणतो, त्याला कारण आहे. कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी बांधलेले आमचे मालगुजारी तलाव मुळात उथळ असतात. पावसाळ्यानंतर ते तुडुंब दिसतात, पण धानाला पाणी सोडले की काठाकडचा मोठा भाग उघडा पडतो, आणि उन्हाळ्यात तर कित्येक तलावांत गुडघाभर पाण्यातून होडी ढकलत न्यावी लागते. त्यात कमळाचे वेल, शिंगाड्याचा पसारा आणि काठाने माजलेली बेशरमीची झुडपे असतात. अशा ठिकाणी चार बोटे पाण्यातही तरंगणारी आणि वेलींवरून सरकणारी सपाट बुडाची होडीच कामाची ठरते. इटियाडोह किंवा गोसीखुर्द यांसारख्या जलाशयांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे दुपारनंतर वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात, सपाट बूड त्या लाटांवर आपटते आणि काठ बुटका असेल तर पाणी आत येते. गावच्या तलावावर उत्तम चालणारी होडी तशीच उचलून धरणात नेणे धोक्याचे आहे, आणि दोन्ही पाण्यांवर सारखीच चालेल असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता आकाराचा थोडा हिशेब करू, कारण तो कोणालाही वहीच्या पानावर करता येतो. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद सपाट बूड पाण्यात दहा सेंटिमीटर बुडले, तर सुमारे ३०० लिटर पाणी बाजूला सरते, म्हणजेच ३०० किलो भार पेलला जातो. होडीचे स्वतःचे वजन ७० किलो, दोन माणसे मिळून १३० किलो, आणि ओले जाळे व मासे मिळून ६० किलो धरले, तर एकूण भार २६० किलो होतो. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि मागचा भाग थोडा वर उचललेला असल्याने प्रत्यक्षात बूड दहा ते बारा सेंटिमीटर खाली जाईल. बाजूची उंची ४० सेंटिमीटर असेल, तर पाण्याच्या वर २५ सेंटिमीटरांहून अधिक काठ शिल्लक राहतो, आणि शांत तलावासाठी तो पुरेसा आहे. हीच होडी ७५ सेंटिमीटर रुंद घेतली, तर पैसे थोडे वाचतात आणि ती हाताळायला हलकी वाटते, पण एका बाजूला कलल्यावर पुन्हा सरळ होण्याचा तिचा जोर निम्म्याहूनही कमी होतो, कारण हा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी वाढवून तो तितका वाढत नाही.

हा फरक कागदावर जितका दिसतो, त्याहून कितीतरी अधिक फेकजाळे टाकणाऱ्याच्या पायांना जाणवतो. जाळ्याचा घेर खांद्यावर घेऊन, कंबरेतून वळून तो जाळे फेकतो तेव्हा त्याच्या शरीराचा सगळा भार क्षणभर एका कडेवर येतो. डोंग्यात वाढलेला माणूस पायाचा पंजा नेमका त्या वेळी उलट बाजूला दाबतो आणि तोल सांभाळतो. हे कौशल्य मला अतिशय आदराचे वाटते, परंतु नव्याने काम शिकणाऱ्या तरुणाकडून पहिल्याच हंगामात त्याची अपेक्षा करता येत नाही. एक मीटर किंवा त्याहून थोडी अधिक रुंदी असली, की त्याला शिकायला अवधी मिळतो.

बांधणीच्या साहित्यात सर्वांत स्वस्त म्हणजे ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधलेला किंवा थर्मोकोलचा तराफा. राज्यातील अनेक धरणांवर लोक असे तराफे वापरतात आणि पोट हातावर असलेल्या माणसाला मी त्यासाठी दोष देणार नाही. तरीही ट्यूब हवेच्या एकाच कप्प्यावर तरंगते, बाभळीचा एक काटा तिला पुरतो, आणि थर्मोकोल उन्हाने व घासण्याने भुगा होऊन त्याच तलावात पसरतो, ज्यातील मासा आपण खाणार असतो. हवा भरून वापरायच्या होड्या स्वस्त असतात आणि सायकलवरूनही नेता येतात. ज्याला सुटीच्या दिवशी स्वच्छ काठाच्या पाण्यात गळ टाकायचा आहे आणि जो स्वतंत्र कप्प्यांची, जाड कापडाची होडी घेईल, त्याला ती चालेल. शिंगाड्याच्या तलावात मात्र ती नेऊ नये, कारण शिंगाड्याच्या फळाचे टोकदार काटे पाण्याखालून नेमके तिच्या बुडाला लागतात.

पत्र्याची होडी गावातला वेल्डर बनवून देतो आणि दुरुस्तही करतो, हा तिचा मोठा गुण आहे. तिला गंज चढतो, ती उन्हात तापते, आणि पाणी भरले की थेट तळाला जाते. साच्यात घडवलेली जाड प्लॅस्टिकची होडी दगडांवरून ओढली तरी सहसा फुटत नाही. पण ती चिरलीच, तर साधा गोंद तिला धरत नाही आणि प्लॅस्टिक वितळवून जोडणारा माणूस गावात मिळेलच असे नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर बहुतेकांसाठी दहा ते बारा फुटांची फायबरची, सपाट बुडाची होडी मला सर्वांत योग्य वाटते. दोन माणसे ती पाळीवरून उचलून नेऊ शकतात, आणि भोक पडले तर फायबरचे कापड, रेझिन व हार्डनर वापरून ती काठावरच सांधता येते. मात्र फायबरच्या होड्यांत चांगल्या-वाईटाचा फरक फार असतो आणि तो रंगाखाली झाकलेला असतो. म्हणून कारखान्यात गेल्यावर आधी काठावरून हात फिरवावा. कड दुमडून जाड केलेली आहे की नुसतीच कापून सोडली आहे, हे बोटांना लगेच कळते. मग आतल्या बाजूने बुडावर बोटाच्या पेरांनी ठिकठिकाणी टकटक करावी. सगळीकडे भरीव आवाज आला पाहिजे, आणि एखाद्या ठिकाणी तो पोकळ आला, तर तेथे थर एकमेकांना चिकटलेले नाहीत असे समजावे. होडी उन्हात उभी करून आतून पाहिल्यास रंग फिका असलेल्या होडीत पातळ जागा उजळलेल्या दिसतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न बैठकीखालच्या पोकळीचा आहे. लाकडाचा डोंगा पाण्याने भरला तरी लाकूड म्हणून तरंगत राहतो आणि माणूस त्याला धरून राहू शकतो. फायबर मात्र पाण्यापेक्षा जड आहे, म्हणून त्याची होडी भरली की बुडते, आणि ती बुडू नये यासाठी बैठकींखाली व नाळीत फोम भरून ती जागा बंद केलेली असावी लागते. किंमत कमी करताना कारागीर बहुधा हाच फोम गाळतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. होडी ताब्यात घेण्यापूर्वी ती काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात नेऊन काठोकाठ पाण्याने भरून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा. वापरलेली होडी घेतानाही हीच परीक्षा करावी. तिचे वजन संशय येण्याइतके जास्त वाटले, तर फोमने पाणी धरले आहे असे समजावे आणि मागच्या फळीच्या कोपऱ्यांत बारीक चिरा आहेत का ते पाहावे.

इंजिनाचा मोह लहान तलावात टाळावा. वेली पंख्यात गुंततात आणि उथळ पाण्यात पंखा चिखल उपसतो. विजेच्या मोटारीसाठी लागणाऱ्या मोठ्या बॅटरीचे वजन जवळजवळ ३० किलो भरते, म्हणजे तेवढ्या वजनाचे मासे कमी आणावे लागतात. एक लांब बांबू आणि दोन वल्ही पुरतात. वाचलेल्या पैशांतून होडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घ्यावे, आणि ते होडीत ठेवायला न घेता अंगात घालायला घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतील काही जणी परत आल्या नाहीत. ती नाव नदी ओलांडणारी होती, मासेमारीची नव्हती, पण खोल पाण्यात हा भेद उरत नाही.

पैशांची जुळवाजुळव करताना मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात आधी जावे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थ्यांच्या घटकांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. होडी-जाळ्यासाठी सध्या कोणती योजना चालू आहे आणि कागदपत्रे कोणती लागतात, हे तेथे लेखी विचारून घ्यावे, आणि मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत होडीचे पैसे भरू नयेत. तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, म्हणून संस्थेचे सभासद नसलेल्यांनी केवळ हौसेपोटी होडी घेण्याआधी संस्थेची संमती घ्यावी. आणि मागणी नोंदवताना कोटेशनवर लांबी व रुंदीबरोबरच बाजूची उंची, फायबरच्या थरांची संख्या आणि फोम कोठे व किती भरणार, हे कारागिराकडून लिहून घ्यावे.